जावयाचे पाय

आमच्या घरात सासू जावयाशी बोलत नाही. माझी आई माझ्या नवऱ्याशी एकोणीस वर्षं एक अक्षर बोलली नाही, आणि ती गेली तेव्हा गावात सगळ्यात मोठ्यानं रडला तो तोच. आम्हा किनाऱ्यावरच्या मिस्कितो लोकांत लेक घर सोडून जात नाही, जावई सासूच्या घरी येतो. एका छपराखाली राहायचं आणि आब सांभाळायचा, तर मध्ये काहीतरी अंतर हवं. हल्लीच्या सासवा जावयांबरोबर पत्ते कुटतात. कुटोत बापड्या. माझ्या घरी तसलं चाललं नाही.

ऑर्विन माझ्या नेल्बाचा नवरा. नऊ वर्षं झाली त्याला येऊन. मला त्याला काही सांगायचं असलं की मी घराच्या खांबाला सांगायची. "पाणी संपलं वाटतं," असं खांबाला म्हटलं की बादली उचलली जायची. त्याला काही हवं असलं की तो नेल्बाला सांगायचा, मी समोर बसलेली असले तरी. मी चालत आले की बाजूला होऊन पाठ करायचा. चांगला जावई होता. पाणबुड्या होता. बोटीवर बारा-बारा दिवस जायचा, पाठीला हवेची टाकी बांधून तळाशी उतरायचा, शेवंडी काढायचा. माझ्या लहानपणी शेवंडी कमरेइतक्या पाण्यात मिळायच्या. आता वीस पुरुष खोल जावं लागतं, आणि दिवसातून दहा-बारा वेळा.

झालं ते फेब्रुवारीच्या मध्यावर. मार्चपासून चार महिने शेवंडीला बंदी असते, त्याआधीची शेवटची फेरी निघायची होती. नेल्बा खाडीवर धुणं घेऊन गेली होती. मी वर स्वयंपाकघरात. फळीच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "कूका."

कूका म्हणजे आजी. सगळं गाव मला तेच म्हणतं. पण हा आवाज त्याचा होता.

"कूका, मागच्या फेरीपासून माझा डावा पाय झोपल्यासारखा आहे. मुतायलाही जोर लावावा लागतो. तुम्ही नको म्हणा. तुम्ही म्हणालात तर मी राहतो."

त्यानं मलाच का विचारलं ते मला कळलं होतं. आमच्याकडे पाणबुड्यानं स्वतः जायला नकार दिला तर बाकीचे त्याला बायकोचा झगा घालायला देतात. सासूनं अडवलं तर मात्र कुणी हसत नाही. कप्तानसुद्धा टोपी काढून परत जातो. एवढा मान आहे सासूच्या शब्दाला. माझा एक शब्द पुरला असता.

मी बोलले नाही. जावई माझ्याशी बोलला कसा, याचाच राग आला. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. शेजारच्या एर्नेस्तिनाच्या घरावर तिच्या जावयानं नवे पत्रे घातले होते, आणि ती बाई येता-जाता आपल्याच छपराकडे बघायची. आदल्या दिवशी मी खांबाला म्हटलं होतं, काही घरांत जावई समुद्रावर असतात, काही घरांत झोळीत लोळतात. त्यानं ते ऐकलं होतं. त्यानं ऐकावं म्हणूनच म्हटलं होतं.

काही वेळानं पायऱ्या वाजल्या. तो उतरून गेला. जे कानावर पडायला नको ते पडलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बोट गेली.

सातव्या दिवशी निरोप आला की ऑर्विनला पाण्यानं मारलं, खोलातून पुन्हा पुन्हा घाईनं वर येणाऱ्यांना मारतं तसं. वर आला तो कमरेतून मोडल्यासारखा होडीत पडला. बोटीवरून किनाऱ्याला यायला दीड दिवस, तिथून शहराच्या दवाखान्यात. तिथे त्याला दाबाच्या टाकीत घालून ठेवलं, रोज काही तास, कितीतरी दिवस. शेवटी उजव्या पायाची बोटं हलली. बाकी बेंबीखाली सगळं गप्प.

मे महिन्यात घरी आणला. आमचं घर खांबांवर. पायऱ्या चढवायच्या म्हणजे चार माणसं लागायची, म्हणून घराखालीच खांबांच्या मध्ये त्याची खाट टाकली आणि तीन बाजूंनी झावळ्या लावल्या. मी वर चालायची, खाली तो खोकायचा. फळीफळीतून ऐकू यायचं.

लोक विचारायला आले. मी सगळ्यांना सांगितलं, लीवानं मारलं. लीवा म्हणजे पाण्यातली बाई. शेवंडी तिच्या. कुणी हावऱ्यासारख्या काढल्या की ती पाय धरते. पास्टरला असलं बोलणं आवडत नाही, पण तोही मान हलवून गेला. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, बिचारा, तिची नजर पडली. ती त्यांची समजूत मी मोडली नाही. लीवाच्या लांब केसांआड लपायला मला बरी जागा सापडली होती. ऑर्विन खाटेवरून सगळं ऐकत होता.

जूनमध्ये यादिरा आली. दवाखान्यातली, पाय चालवायला शिकवणारी. महिन्यातून एकदा पडावानं गावोगाव फिरायची, कारण असले पाणबुडे गावोगाव पडलेले. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीला पिशवी. तिनं पिशवीतून वीतभर पेटी काढली. तिला वायरी, चिकट पट्ट्या, फिरवायची एक कळ आणि लांब वायरीला एक बटण. तिनं नेल्बाला समजावलं की मणक्यातली दोरी तुटलेली नाही, चेपलीय. डोक्याचा हुकूम खाली जाताना वाटेत हरवतो. ही पेटी विजेचा बारीक झटका देऊन मांडीला जागेवरच हुकूम देते. पेटी देईल त्याच क्षणी ऑर्विननंही मनानं ढकलायचं. रोज ढकललं तर एखादे वेळी वरचा हुकूम आपली वाट काढेल.

नेल्बानं विचारलं, चालेल का. यादिरा म्हणाली, उभा राहील असं वाटतं. चालेल असं मी कुणालाच सांगत नाही.

तिनं पट्ट्या मांडीला लावल्या आणि कळ फिरवली. कातडीखाली मांस गोळा झालं, जाळ्यात मासा आवळावा तसं, आणि गुडघा आपोआप सरळ होत वर आला. ऑर्विननं स्वतःचा पाय बघितला आणि हसला. मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. मी वरून फळीच्या फटीतून बघत होते.

यादिरानं जाताना एक गोष्ट नेल्बाला तीनदा सांगितली. डाव्या मांडीला त्याला गरम-गार कळत नाही, टोचलेलं अर्धंमुर्धं कळतं. म्हणून कळ फिरवताना दर वेळी विचार: टोचतंय का, जळजळतंय का. पट्टी सुकली की टाकून दे. काढल्यावर कातडी बघ.

गावातल्या चौघांनी कांदळाचे दोन वासे आणून खांबांना कमरेच्या उंचीवर बांधून दिले, त्यांना धरून उभं राहायला. नेल्बा रोज सकाळी तासभर त्याच्याशी झटायची. मग ऑगस्टात जेलीफिशच्या होड्या सुरू झाल्या आणि किनाऱ्यावरच्या शेडमध्ये बायका लागायला लागल्या, जेलीफिश कापायला, मीठ-तुरटीत घालायला. घरात कमावणारं माणूस उरलं नव्हतं. नेल्बा उजाडता जायची, दुपार कलल्यावर यायची. पेटी माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी मी खाली उतरले तर तो तोंडावर टॉवेल घेऊन पडला होता. मी मान वळवून, हातांनी चाचपत पट्ट्या लावल्या. माझ्या नवऱ्याची मांडीसुद्धा मी दिवसाढवळ्या अशी धरली नव्हती. आणि ही मांडी तरी कसली, सोललेली काठी. एर्नेस्तिना कुंपणाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "म्हातारपणी हे बरं सापडलं गं तुला, मोदेस्ता."

"तुझ्या नव्या पत्र्यावरून आणखी नीट दिसेल. चढ वर."

ती गेली. पण माझे कान तापले होते.

नेल्बा कळ चारवर ठेवायची. चारवर गुडघा अर्धाच उठायचा. मी पाचवर नेली, मग सहावर. सहाला पाय सरळ उठला आणि मला छातीवरचा दगड जरा सरकल्यासारखा वाटला. दुसऱ्या आठवड्यात सात. मला घाई होती. तो जितका लवकर उठेल तितकं माझं ते फळीआडचं कमी होईल, असं काहीतरी डोक्यात धरलं होतं मी. टोचतंय का हे विचारायला विसरले नाही. रोज ओठांपर्यंत यायचं. खांबाला विचारता आलं असतं. पण खांबाला विचारलं तर उत्तर कुणी कुणाला द्यायचं? पट्टीची कड सुकून उचलली होती, तिला थुंकी लावून मी दाबून बसवली.

एका दुपारी नेल्बा त्याला पुसत होती, ती एकदम थांबली. डाव्या मांडीवर मोठ्या नाण्याएवढा डाग, कडेनं लाल, मध्ये पांढरा, मेलेला.

"आई, तू विचारत होतीस ना त्याला?"

मी वर जाऊन चुलीत लाकूड सारलं.

यादिरा आली तेव्हा तिनं डाग बघितला आणि आवाज न चढवता मला बोलली. त्यानं जास्त लागलं. पंधरा दिवस मी ज्याचे पाय धरते त्याला एक प्रश्न विचारता येत नाही? नेल्बानं खाली बघत तिला घराची रीत सांगितली. यादिरानं कपाळाचा घाम पुसला. ती म्हणाली, कुणाच्या रीतीला मी हसत नाही. पण पेटी एकच आहे, आणि खाडीपलीकडच्या गावात दोघं खाटेवर वाट बघतायत.

"जखम भरली की मी येईन, कूका. तुम्ही माझ्यासमोर पट्ट्या लावायच्या. तुमचा आवाज ऐकू आला तर पेटी इथं. नाहीतर पिशवीत."

महिनाभर मी त्या जखमेवर उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ फडकं घालत होते. तो टॉवेलाखाली. पावसाचं पाणी खांबांमधून वाहायचं, खाटेचे पाय चिखलात रुतायचे, मी खाली दगड घालायची. गेल्या तीन महिन्यांत मांडीवर जेवढं मांस चढलं होतं ते उतरायला लागलं. त्याला तो डाग कधी दुखला नाही.

यादिरा आली, वाशाला टेकून उभी राहिली आणि खाडीकडे बघत राहिली, जणू तिचं लक्षच नाही. नेल्बा त्या दिवशी शेडवर गेली नव्हती. मी पट्ट्या ओल्या केल्या, लावल्या, डागापासून चार बोटं लांब. कळ एकवर आणली. मान खांबाकडे वळली होती, ती मी परत आणली. पासष्ट वर्षांची मी, कप्तानांना शिव्या घातलेली बाई.

"टोचतंय का?"

पाऊस झावळ्यांवर पडत होता. मी कळेवर बोट धरून बसले. उत्तर येत नाही तेव्हा माणूस किती वेळ बसू शकतं, ते मला त्या दिवशी समजलं. मग त्यानं टॉवेल खाली घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे डोळे जवळून बघितले. पिवळट होते.

"थोडं," तो म्हणाला.

यादिरानं पिशवीचा बंद बांधला आणि पेटी ठेवून गेली.

त्यानंतर रोज. सकाळी वाबूल करायचं, म्हणजे उकडलेली केळी नारळाच्या दुधात घोटायची. त्याला पाजायची, कसावाचा कंद किसून उन्हात टाकायचा, मग हात धुऊन खाली. टोचतंय का. थोडं. आता? नाही. आता? हं, बास. पाठीमागून त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला वाशांवर उभा करायचा. पहिल्यांदा तो माझ्या अकरा श्वासांइतका उभा राहिला. मग पाय लटलट कापायला लागले आणि मूत सुटलं, माझ्या पावलावर. त्यानं मान फिरवली. मी म्हटलं, लहानपणी नेल्बानं याहून जास्त केलंय. फडकं आणलं.

यादिरानं मग पावलाचं शिकवलं. एक पट्टी गुडघ्याच्या खाली बाहेरून. बटण दाबलं की लोंबतं पाऊल वर उचललं जायचं, सोडलं की खाली यायचं. तो पाय पुढे घ्यायच्या क्षणी "हं" म्हणणार, मी दाबणार. सुरुवातीला माझं चुकायचं आणि पाऊल मातीत फरफटायचं.

"झोपलात का?"

"तुझा हं पोटातच राहतो. बाहेर काढ की."

"काढला होता. तुमच्या कानाला चढण आहे."

एवढंच बोलायचो आम्ही, पायाबद्दल. पण बोलायचो. एर्नेस्तिनानं गावभर केलं की मोदेस्तानं आईची रीत बुडवली. बुडवली होतीच. ऑक्टोबरात तीन पावलं झाली, नोव्हेंबरात सहा. मी कुणाला धरल्याशिवाय तिथून इथवर चालत होते आणि तो सहा पावलांना घामानं निथळत होता. त्याचं एकेक पाऊल वाढलं की मला हलकं वाटायला हवं होतं. उलट व्हायचं. एवढ्या कष्टानं जे परत आणत होतो ते माझ्या एका शब्दानं कधी गेलंच नसतं, हे दर हंला आठवायचं.

डिसेंबरात एका सकाळी तो वाशांच्या टोकापर्यंत गेला आणि वळला. हात वाशांवर, पण वळला स्वतः. कुंपणाशी एर्नेस्तिना होती. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. म्हणाली, लीवानं सोडला गं याला, देवाची कृपा. गावाला सांगते म्हणून तरातरा गेली.

ती वळणाआड गेली तोवर मी थांबले.

"त्या दिवशी तू फळीआडून बोललास. मी ऐकलं होतं."

तो वाशांना धरून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्ही कसाव किसत होतात. मी बोललो तेव्हा किसणं थांबलं. मी पायरीवर उभा राहिलो. मग पुन्हा सुरू झालं."

"मी नको म्हटलं असतं तर..."

"राहिलो असतो."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या, बोट कप्तानाची, पाय माझे, नशीब माझं. माणसं म्हणतात असं. तो नाही म्हणाला. त्याचे गुडघे कापायला लागले होते.

"बसवा मला."

मी बसवलं. पट्ट्या काढल्या, एकेक प्लास्टिकवर चिकटवली, कातडी बघितली. डाग आता जांभळा झाला होता. मी उठत होते तेव्हा तो म्हणाला, "नेल्बाला मी सांगितलेलं नाही. मी सांगणारही नाही. ते तुम्ही सांगायचं."

ती दुपारी आली. मीठ आणि तुरटीनं तिच्या बोटांची कातडी फाटलेली असायची; आल्या आल्या ती खाटेजवळ बसून बादलीत हात घालायची. मी तिला म्हटलं, बस तशीच. आणि सांगितलं. तो काय म्हणाला, मी काय केलं, पत्र्यांचं, लीवाचं, सगळं. मध्ये थांबले असते तर पुढे गेले नसते, म्हणून एका दमात सांगितलं. ऑर्विन तिच्या शेजारी बसून होता.

नेल्बानं हात पाण्यातून काढले नाहीत.

"एक शब्द?"

"एक."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं हात बादलीतून काढून पुसले. मग म्हणाली, "उद्यापासून पेटी मी बघते. शेडवर तू जा."

मी आजवर कुणाच्या शेडमध्ये उभी राहिलेली नव्हते. तिथली मुकादमीण एर्नेस्तिनाची भाची, कालची पोर. माझे गुडघे दुखतात, ओल्या फरशीवर आठ तास. घर माझं आहे, जमीन माझी आहे. मी नाही म्हटलं असतं तर कुणी हात धरून नेलं नसतं. मी तिला विचारलं, रबरी बूट कुठे ठेवलेत.

उजाडता मी ते बूट घातले. मला मोठे होत होते, टाचेत चिंध्या कोंबल्या. फाटकापर्यंत गेले तोवर घराखाली त्यांचं सुरू झालं होतं. तिचा आवाज आला, टोचतंय का. त्याचा आला, थोडं. मग हं, आणि पाऊल फरफटल्याचा आवाज. पुन्हा हं, पुन्हा फरफट. बघितल्याशिवाय मला कळलं काय चुकतंय ते. माझ्या तोंडून आता त्यांना काही ऐकायचं नसणार, हेही कळत होतं.

"नेल्बा," मी फाटकातून ओरडले, "टाच टेकेपर्यंत बटण सोडू नकोस."

मी फाटकाला धरून उभी राहिले. मग हं ऐकू आला, आणि टाच मातीवर टेकल्याचा आवाज. मी शेडच्या वाटेला लागले.